सरकारी दवाखान्यातली गुणवत्ता आणि सुरक्षितता: मराठवाड्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परिचारिका म्हणून सरकारी नोकरीत माझी हयात गेली. सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली, मग ग्रामीण रुग्णालय, आणि शेवटची वर्षं जिल्ह्याच्या गावी वॉर्ड इन्चार्ज म्हणून. निवृत्त होऊन गावी राहायला आले आणि रोज कुणीतरी केसपेपर घेऊन ओट्यावर येऊन बसायला लागलं. त्यांचे, आशाताईंचे आणि नव्याने रुजू झालेल्या सिस्टरांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत.

रुग्ण सुरक्षा म्हणजे दवाखान्यात वॉचमन ठेवणं का?

एका गावच्या सरपंचांनी मला हे अगदी मनापासून विचारलं होतं. वॉचमन लागतोच, पण रुग्ण सुरक्षा म्हणजे बरं व्हायला आलेल्या माणसाला दवाखान्यातच नवी इजा होऊ नये याची काळजी. एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला देणं, न जुळणारं रक्त चढवणं, ऑपरेशनच्या जखमेत पू होणं, म्हातारं माणूस कॉटवरून पडणं, मुदत संपलेलं औषध हातात पडणं, हे सगळं त्यात येतं. गुणवत्ता त्याहून मोठी. जो इलाज करायला हवा तोच, वेळेवर, माणसाचा मान राखून आणि सगळ्यांना सारखा झाला पाहिजे. मी तिची परीक्षा एकाच प्रश्नाने घेते. साहेबांची भेट असते त्या दिवशी जे होतं, तेच रात्री दोन वाजता एकटी सिस्टर ड्युटीवर असताना होतं का?

१७ सप्टेंबर आपल्याला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून ठाऊक आहे. १९४८ साली याच दिवशी आपण निजामाच्या राजवटीतून सुटलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ पासून हाच दिवस जागतिक रुग्ण सुरक्षा दिन म्हणून ठरवला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण झेंडावंदनाला सगळं गाव गोळा होतं तेव्हाच दवाखान्याचा विषय काढायला आयती तारीख मिळते. मी दरवर्षी काढते.

गेटवर ‘कायाकल्प’, ‘एनक्यूएएस’ असे बोर्ड असतात. म्हणजे दवाखाना चांगला समजायचा का?

बऱ्याच अंशी हो, पण बोर्डावरची तारीख आधी बघा.

एनक्यूएएस ही राष्ट्रीय गुणवत्ता मानकं २०१३ साली आली. त्यांचे आठ भाग आहेत: कोणत्या सेवा मिळतात, रुग्णांचे हक्क, माणसं आणि साधनसामग्री, सहायक सेवा, प्रत्यक्ष उपचार, जंतुसंसर्ग नियंत्रण, गुणवत्तेचं व्यवस्थापन आणि शेवटी निकाल. एकेका मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण मिळतात. ७० टक्क्यांच्या पुढे गेलं तर प्रमाणपत्र मिळतं आणि ते तीन वर्षं चालतं. कायाकल्प २०१५ पासून आहे, त्यात भर स्वच्छतेवर, कचऱ्यावर आणि जंतुसंसर्गावर. ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम २०१७ अखेर सुरू झाला, तो फक्त प्रसूतिगृह आणि बाळंतपणाच्या ऑपरेशन थिएटरसाठी.

या तपासणीतली मला आवडणारी गोष्ट म्हणजे तपासनीस नुसती रजिस्टरं चाळत नाहीत. ते स्वतः उभं राहून काम पाहतात, कर्मचाऱ्यांना विचारतात आणि रुग्णांशीही बोलतात. म्हणून तुमच्या कॉटजवळ कुणी वही घेऊन आलं तर “सगळं चांगलं आहे साहेब” म्हणून मोकळे होऊ नका. रात्री बेल वाजवल्यावर किती वेळाने कुणी आलं, बाथरूमला पाणी होतं का, औषध कसं घ्यायचं ते कुणी समजावलं का, हे सांगा. तपासणीच्या आठवड्यात घातलेल्या नव्या चादरी पुढच्या सोमवारी कपाटात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या चादरी परत बाहेर निघतात त्या रुग्णांनी विचारल्यावरच.

सलाईन लावलं नाही, इंजेक्शन दिलं नाही. नुसत्या गोळ्या देऊन पाठवलं. हा कसला इलाज?

“सलाईन लावा की सिस्टर, त्याबिगर ताकद कशी येईल?” हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. माणूस शुद्धीवर असेल, पोटात पाणी ठरत असेल, तर ओआरएस आणि गोळी तेच काम करते. ग्लुकोजच्या सलाईनच्या अख्ख्या बाटलीत फार तर दोन-तीन मोठे चमचे साखर असते. उलट प्रत्येक सुई म्हणजे कातडीला पाडलेलं एक भोक, आणि जंतूला वाट. गरज नसताना सलाईन नाकारणारा डॉक्टर तुमची काळजीच घेत असतो.

अँटिबायोटिकचंही तसंच. सर्दी-पडशाला मागून घेऊ नका, आणि डॉक्टरांनी दिलंच तर सांगितलेले सगळे दिवस घ्या.

चूक झाली तर ती वरिष्ठांना सांगायची का? नोकरीवर गदा येईल अशी भीती वाटते.

हा प्रश्न नव्या सिस्टरांचा, आणि मला सगळ्यात जवळचा.

मी ग्रामीण रुग्णालयात असताना एका रात्री स्त्री वॉर्डात नाव तेच, आडनावही तेच अशा दोन बाया होत्या. आपल्याकडे एका तांड्यावर, एका भावकीत हे सहज होतं. वॉर्ड भरलेला, ड्युटीवर मी एकटी. ट्रेमध्ये सिरिंज भरून घेतली, कॉटजवळ गेले आणि विचारलं, “तुम्ही अमुकच ना?” बाई अर्धवट झोपेत होती, मान हलवली. दंडाला स्पिरिटचा बोळा लावला तेव्हा तिला जाग आली. म्हणाली, “मला तर रातच्यालाच दिलं की हो माय, परत कशापायी?” माझा हात तिथेच थांबला. केसपेपर पाहिला. इंजेक्शन चौथ्या कॉटचं होतं आणि मी अकराव्या कॉटपाशी उभी होते.

इजा कुणालाच झाली नाही. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण मला घास उतरेना. सकाळी इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, “काय केलं असतं तर हे झालंच नसतं?” त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात तीन गोष्टी बदलल्या. “तुम्ही अमुकच ना?” हा प्रश्न बंद, कारण आजारी माणूस कशालाही हो म्हणतो. त्याऐवजी “तुमचं पूर्ण नाव सांगा” असं विचारायचं आणि ते केसपेपरवरच्या नावाशी आणि आंतररुग्ण क्रमांकाशी ताडायचं. एकाच नावाचे दोघे असले तर दोघांच्या कागदावर लाल पेनाने ठळक खूण. आणि शेजारशेजारच्या कॉटवर त्यांना ठेवायचं नाही.

थोडक्यात टळलेली चूक सांगितली की तीच चूक पुढच्या सिस्टरच्या हातून टळते. ती लपवली तर पुढच्या रात्री तिथेच दुसरी कुणीतरी उभी असते, आणि तेव्हा पेशंटला जाग येईलच असं नाही. वरिष्ठांना माझी हात जोडून विनंती आहे: चूक स्वतःहून सांगायला आलेल्या पोरीला पहिल्यांदा बसायला खुर्ची द्या, मेमोचा विषय नंतर.

बाळंतपणासाठी जाताना चांगल्या प्रसूतिगृहात काय काय दिसलं पाहिजे?

प्रत्येक टेबलाला पडदा हवा. कळा सोसणाऱ्या बाईजवळ तिच्या विश्वासाची एक बाई थांबू दिली पाहिजे. आई, सासू, जाऊ, कुणीही. हे उपकार म्हणून करायचं नसतं, तशी अधिकृत सूचनाच आहे. ओरडणं, चापट मारणं, पोटावर दाब देऊन बाळ ढकलणं यातलं काहीही उपचारात बसत नाही.

ऑक्सिटोसिनबद्दल मात्र थोडं समजून घ्या. लवकर सुटका व्हावी म्हणून नातेवाईकच “कळांचं इंजेक्शन द्या” असा आग्रह धरतात. देखरेखीशिवाय दिलेल्या अशा इंजेक्शनाने गर्भपिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. तेच औषध बाळ बाहेर आल्यावर पहिल्या मिनिटात मांडीत दिलं की रक्तस्राव आटोक्यात राहतो. आणि ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं. मे महिन्यात परभणीच्या उन्हात, लाइट गेलेल्या खोलीत, ट्रेमध्ये दिवसभर पडून राहिलेलं ऑक्सिटोसिन ऐन वेळी दगा देऊ शकतं. म्हणून मी कुठल्याही प्रसूतिगृहात गेले की आधी फ्रीज उघडून बघते. आत थर्मामीटर हवा, आणि कुणाचा जेवणाचा डबा नको.

बाळ झाल्यावर ते आईच्या पोटावर उघड्या अंगाने ठेवायचं, तासाभरात पाजायला घ्यायचं, आणि दोघांना निदान ४८ तास दवाखान्यात थांबवायचं. “शेतात काम आहे, आज सोडा” असं म्हणून घाई करू नका. रक्तस्रावाचा सर्वांत जास्त धोका पहिल्या दिवसाचाच असतो.

पेशंट रेफर करतात म्हणजे हात झटकतात, असं लोक म्हणतात. खरं आहे का?

कधी कधी खरं असतं. बहुतेक वेळा खालच्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ नसतो, रक्त नसतं, आणि पाठवणं हाच शहाणपणा असतो. प्रश्न आहे तो कसं पाठवलं याचा.

एका रात्री झटके आलेली गरोदर बाई आमच्याकडे आली. सोबत रेफरची चिठ्ठी नाही. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट देतात. पहिला डोस देऊनच पुढे पाठवायचं असतं. पण तो दिला की नाही हे कळल्याशिवाय आम्ही दुसरा कसा देणार? जास्त झालं तर श्वास थांबतो. दीर सोबत होता. त्याने खिशातून दस्ती, म्हणजे रुमाल, काढून सोडली. आत दहा रिकाम्या अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या. केंद्रावरच्या सिस्टरने त्याच्या हातात देऊन सांगितलं होतं, “मोठ्या दवाखान्यात जाताक्षणी ह्या दाखवा.” एका अँप्यूलमध्ये एक ग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅम, पूर्ण पहिला डोस गेलेला. घाईत चिठ्ठी राहिली, पण त्या सिस्टरचं डोकं जागेवर होतं. बाई आणि लेकरू दोघं घरी गेले.

चिठ्ठीवर काय झालं, काय दिलं, किती वाजता दिलं हे असलंच पाहिजे, आणि निघण्याआधी पुढच्या दवाखान्याला फोन. नातेवाइकांनी हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय १०८ मध्ये बसू नये.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी देशभर गेली. त्यात १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधं आणि मनुष्यबळ हा प्रश्न आहेच, तो मी लहान करत नाही. पण अशा रुग्णालयात हिंगोली, परभणी, यवतमाळ, तेलंगणातूनही अत्यवस्थ माणसं येतात. किनवटहून यायचं तर शंभराहून जास्त किलोमीटर. कमी वजनाचं, गार पडलेलं बाळ तिथे पोचेपर्यंत अर्धी लढाई हरलेलं असतं. आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून, वरून पांघरूण घालून आणलं तर तेच बाळ उबेत पोचतं. त्याला पैसाही लागत नाही. मोठ्या रुग्णालयातली गुणवत्ता तालुक्यापासून, उपकेंद्रापासूनच घडत येते.

उन्हाळ्यात नळाला पाणी नसतं. तिथे हात धुण्याचे धडे कुणाला देता?

राग समजतो. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. पण पाणी कमी म्हणून जंतू कमी होत नाहीत. दिसायला हात स्वच्छ असतील तर दोन पेशंटच्या मध्ये स्पिरिटयुक्त हँडरब २०-३० सेकंद चोळला की काम होतं. रक्त, घाण लागली असेल तर मात्र साबण-पाणीच हवं. आम्ही एका उन्हाळ्यात झाकणाची, तोटी बसवलेली टाकी फक्त प्रसूतिगृहासाठी राखून ठेवली होती, आणि तिच्यातून चहाला पाणी घेणाऱ्याला माझ्याशी गाठ होती. टँकर आला की आधी ऑपरेशन थिएटर आणि प्रसूतिगृह भरायचं, हा निर्णय अधीक्षकांनी लेखी काढून ठेवावा.

रंगीत कचरापेट्यांचं काय महत्त्व?

२०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पेटीत रक्ताचा कापूस, बाळंतपणातली वार, मुदत संपलेली औषधं, लालमध्ये सलाईनच्या नळ्या, हातमोजे, पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात सुया, ब्लेड, निळ्यात काच. नातेवाइकांनी केळीची सालं, बिस्किटांचे पुडे यातल्या कशातही टाकू नयेत.

सुई चुकीच्या पिशवीत गेली तर ती टोचते झाडणाऱ्या मावशीला. तिला हातमोजे कोण देतं, कावीळ ब ची लस तिला दिली आहे का, हे विचारा. सुई टोचली तर जागा दाबायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच कळवायचं. एचआयव्ही टाळणारी औषधं जितक्या लवकर तितकी चांगली. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. कंत्राटी मावशी हे सांगायला घाबरतात. त्यांना सोबत घेऊन जाणं सिस्टरचं काम आहे.

दवाखान्यातल्या आगीची भीती वाटते.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला. त्यानंतर फायर ऑडिट हा शब्द शिपायालाही पाठ झाला. तुम्ही आत गेलात की तीन गोष्टी बघा: आग विझवणाऱ्या सिलिंडरवरची भरल्याची तारीख, दुसरं दार कुलूपबंद आहे का, आणि त्या दारासमोर मोडक्या कॉटांचा ढीग आहे का. तिसरी गोष्ट बऱ्याच ठिकाणी दिसेल. ती फोटोसह लेखी कळवा.

बाहेरून औषध आणायला सांगतात. पैसे द्यायचे का?

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, त्यांना हा निर्णय लागू नाही. बाळंतीण आणि एक वर्षापर्यंतचं बाळ यांना मात्र २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे कुठल्याही सरकारी रुग्णालयात औषध, रक्त, जेवण आणि वाहन फुकट आहे. चिठ्ठी दिली तर भांडण न करता ती जपून ठेवा, आणि औषध आणलंच तर बिल घ्या.

ऊसतोडीला गेलं की तपासण्या, लसी सगळं तुटतं. काय करायचं?

दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालन्याचे कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात ते मार्च-एप्रिलला परततात. मधले महिने कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. गरोदर बाईने माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यावं. त्या कार्डावर राज्यातलंच काय, देशातलं कुठलंही सरकारी केंद्र लस देतं. आशाताईंनी कोयता निघण्याआधी मुकादमाकडून कारखान्याचं नाव लिहून घ्यावं आणि तिथल्या केंद्राला फोन करावा. मी स्वतः असे फोन लावले आहेत, समोरची सिस्टर कधीच नाही म्हणाली नाही.

आणि एक कळकळीने सांगते. अंगावरून जातं, पोट दुखतं म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितलं तर आधी सिव्हिलमध्ये दुसरं मत घ्या. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांचा हा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समिती बसली, खाजगी दवाखान्यांना जिल्हा शल्य चिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. बहुतेक त्रास औषधाने बरा होतो. ऐन तिशीत पिशवी काढलेल्या बाईची हाडं पुढे तिला सोसत नाहीत, हे मी वॉर्डात पाहिलं आहे.

तक्रार कुणाकडे करायची?

उपकेंद्र, आरोग्य केंद्र: वैद्यकीय अधिकारी, मग तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय: अधीक्षक, मग जिल्हा शल्य चिकित्सक. महाविद्यालयाचं रुग्णालय: अधिष्ठाता. चुकीच्या टेबलावर अर्ज दिला की तो महिने फिरतो, म्हणून एवढं लक्षात ठेवा. अर्ज लेखी, तारीख-वेळेसह, आणि पोच घ्या. १०४ या आरोग्य हेल्पलाइनवरही सांगता येतं.

उपचाराचे कागद मागितले की ७२ तासांत द्यायचे, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ सालचा नियम आहे. नाहीच दिले तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा.

मारहाण करू नका. २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होते, हे एक. दुसरं असं की ज्या रात्री डॉक्टरवर हात उठतो, त्या रात्रीपासून तो दवाखाना अवघड पेशंटला हात लावायला धजत नाही, आणि सगळे थेट रेफर होतात.

गावाने नेमकं काय करावं?

२००७ मध्ये राज्यात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद होता. जनसुनावणीत बाया माइकवर उभ्या राहून विचारायच्या, आणि अधिकारी उत्तर द्यायचे. ते पुन्हा करता येतं. रुग्ण कल्याण समितीत आपल्या गावचं कोण आहे ते शोधा, मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागा, निधी कशावर गेला ते वाचा. रंगरंगोटीऐवजी इन्व्हर्टर आणि तोटीच्या टाक्या मागा.

दवाखान्यात जाताना पिशवीत काय घ्यावं?

जुने सगळे केसपेपर, चालू गोळ्यांची पाकिटं (नुसती “पांढरी गोळी” असं सांगून भागत नाही), कुठल्या औषधाने अंगावर पुरळ आलं होतं त्याची चिठ्ठी, रक्तगट, बाळासाठी धुतलेले सुती कपडे. मोबाईलचा चार्जर न्या, पण तो व्हरांड्यातल्या बोर्डाला लावा. बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या बोर्डातून पिन काढून मोबाईल लावलेला मला दोनदा सापडला आहे.